भात आणि तोंडीलावणे

नानजिंग हे यांगत्से नदीच्या काठी वसलेले चीनमधील एक प्राचीन शहर. अनेक राजवटींनी त्याला राजधानीचा मान दिला. या शहरातील एका सुसंस्कृत व विस्तृत कुटुंबात १८८९ साली यांग बूवेई हिचा जन्म झाला. चिनी लोक आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात. तेव्हा यांग हे तिचे आडनाव आणि बूवेई हे नाव. तिचे आजोबा यांग वेनहुई हे बौद्ध धर्मग्रंथांचे मोठे अभ्यासक आणि प्रकाशक होते. अशा घरी स्वयंपाक ही आचाऱ्यांची व नोकरांची बाब. मुलीला चुलीपाशी जाण्याचे कारणच पडत नसे. जेवणाच्या वेळी वाडगे भरून यावेत व तिने ते रिते करावेत, एवढाच तिचा पाकशास्त्राशी संबंध होता.

मुलगी मात्र मोठी निग्रही होती. जन्मापूर्वीच तिचे लग्न नात्यातल्या एका मुलाशी ठरवून ठेवलेले होते. जाणती झाल्यावर तिने ते स्वतः मोडले. त्या काळच्या चीनमध्ये ही लहानसहान गोष्ट नव्हती. पुढे वैद्यक शिकण्यासाठी ती जपानमध्ये टोकियोला गेली आणि तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाली.

तेथे तिच्यापुढे जी पहिली मोठी अडचण उभी राहिली ती जेवणाची. जपानी अन्न तिच्या जिभेला मुळीच रुचेना. एक दिवस, दोन दिवस माणूस कसेबसे निभावून नेतो; परंतु वर्षानुवर्षे परक्या मुलखात राहायचे, दिवसभर अवघड विषयांचा अभ्यास करायचा आणि पानावर बसताच घास घशाखाली उतरू नये, ही स्थिती कठीण. नानजिंगच्या घरचे जेवण तर समुद्रापलीकडे राहिले होते. शिकवायला आई जवळ नव्हती, आचारी नव्हता. अखेर ज्या मुलीने कधी भाताचे पातेले उतरवले नव्हते, तिने स्वतःचे जेवण स्वतः रांधायचे ठरवले.

हे तिला कसे साधले? तिच्यापाशी भांडवल एकच होते : घरच्या जेवणाची चव तिच्या जिभेला पक्की आठवत होती. पदार्थ करावा, चाखावा, आठवणीतल्या चवीशी ताडून पाहावा, उणे काय ते शोधावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला निरीक्षणाची व प्रयोगाची सवय असतेच. तीच येथे उपयोगी पडली. पुढे बूवेईबाईंनी विनोदाने लिहिले आहे, की त्या डॉक्टर झाल्या तोपर्यंत थोड्याफार स्वयंपाकीणही झाल्या होत्या. मराठी घरांतूनही शिक्षणासाठी परगावी गेलेली मुले अशीच पहिली आमटी करतात, आणि ती आईच्या आमटीसारखी का होत नाही याचा शोध आठवडेच्या आठवडे चालतो.

बूवेईबाईंना काय काय शिकावे लागले असेल हे कळण्यासाठी चिनी घरातील जेवणाची घडण समजून घेतली पाहिजे. मराठी मुलांना चिनी जेवण म्हटले, की रस्त्याच्या कडेला लाल गाडीवर मिळणारे मंचुरियन आठवते. ते भारतातच घडलेले खाणे आहे. नानजिंगमधील आजीला त्याचे नाव सांगितले, तर ती मंचुरिया हा एक प्रदेश आहे एवढेच सांगेल.

चिनी घरातील जेवणाचे दोन भाग असतात. एकाला म्हणतात ‘फान’ आणि दुसऱ्याला ‘त्साय’. फान म्हणजे शिजवलेला भात. चीनच्या उत्तर भागात गहू अधिक पिकतो, म्हणून तेथे भाताच्या जागी शेवया किंवा वाफवलेले पाव येतात. त्साय म्हणजे भाताबरोबरचे सर्व काही : भाजी, अंडी, मासे, मांस. मराठीत भाकरीबरोबरच्या पदार्थाला ‘तोंडीलावणे’ असा सुरेख शब्द आहे. त्साय म्हणजे नेमके तेच. मुख्य अन्न भात. त्साय त्याला चव आणते. चिनी भाषेत ‘जेवलात का?’ हे विचारतानाही ‘फान खाल्लेत का?’ असे विचारतात, आणि कोणाची नोकरी गेली तर ‘त्याचा भाताचा वाडगा फुटला’ असे म्हणतात. आपल्याकडे भाकरीला जे स्थान आहे, ते तेथे या वाडग्याला आहे.

प्रत्येकापुढे आपापला भाताचा वाडगा असतो. तोंडीलावणी मात्र कोणाच्याही ताटात वाढलेली नसतात. ती सर्व मेजाच्या मध्यभागी एकाच वेळी मांडतात आणि प्रत्येक जण आपल्या काड्यांनी त्यांतून घास घेतो. तिघाचौघांच्या घरी तीन तोंडीलावणी आणि एक सूप, असे साधे जेवण पुरते. एक पदार्थ पालेभाजीचा, एक अंड्याचा किंवा मांसाचा, एखादा थंड. एक मऊ, एक कुरकुरीत. सगळेच खारट किंवा सगळेच तेलकट करून चालत नाही.

मेजावर सुरी नसते. जे कापायचे ते सगळे स्वयंपाकघरातच कापून यावे लागते, आणि तेही काड्यांत धरता येईल एवढे लहान. यामागे काटकसरही आहे. जाड तुकडा शिजायला जळण फार लागते. बारीक चिरलेला जिन्नस मोठ्या आचेवर पाहता पाहता होतो. लाकूड व कोळसा जपून वापरावा लागणाऱ्या देशात ही सोय मोठी होती. म्हणून चिनी स्वयंपाकघरात खरे काम लाकडी ठोकळ्यावर चालते. एकच रुंद पात्याचा सुरा असतो. त्याच्या धारेने भाजी चिरतात, सपाट बाजूने लसूण व आले चेचतात, आणि चिरलेले सगळे त्याच पात्यावर उचलून कढईत टाकतात. आपल्या घरातील विळी, खलबत्ता आणि पळी ही तिन्ही कामे तो एकटा करतो. कढईही आपल्याला परकी वाटत नाही; ती लोखंडी, खोलगट व गोल बुडाची असते.

चिरण्याला अर्धा तास आणि शिजवण्याला तीन मिनिटे, असे हे प्रमाण आहे. अनुभवी माणसाचे यात बिनसत नाही. नवशिक्याचे बिनसते, कारण तो आधी कढई तापवतो आणि मग लसूण सोलायला बसतो. तेवढ्यात तेलाचा धूर होतो. तो घाबरून भाजी टाकतो, ती ओली असते, तेल अंगावर उडते. आचेची ही जाण चिनी लोकांना इतकी महत्त्वाची वाटते, की तिच्यासाठी त्यांच्या भाषेत ‘हुओहोउ’ असा स्वतंत्र शब्द आहे. आग किती मोठी आणि किती वेळ, या दोन्हींचे तारतम्य त्या एका शब्दात येते. हे तारतम्य घड्याळावरून शिकता येत नाही. तेलात टाकलेल्या लसणाचा आवाज, पानाचा बदलणारा रंग आणि नाकाला येणारा वास यांकडे लक्ष ठेवावे लागते.

१९१९ साली डॉक्टर यांग बूवेई चीनला परतल्या व बीजिंगमध्ये रुग्णालय चालवू लागल्या. तेथे त्यांची ओळख चाओ युआनरेन या तरुण विद्वानाशी झाली. अमेरिकेत गणित, विज्ञान व तत्त्वज्ञान शिकून आलेला हा माणूस पुढे चीनचा अग्रगण्य भाषाशास्त्रज्ञ ठरला. इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल चीनमध्ये व्याख्याने देत होते, तेव्हा दुभाष्याचे काम यांनीच केले. दोघांनी विवाह करण्याचे ठरवले. त्या काळी चीनमधील लग्न म्हणजे वाजंत्री, मेजवान्या, आहेर आणि खर्च. आपल्याकडील लग्नांहून ते फारसे निराळे नसे. या दोघांना यांतले काहीच नको होते.

१ जून १९२१ रोजी त्यांनी आपल्या नव्या बिऱ्हाडी दोघांनाच जेवायला बोलावले. एक होते सुप्रसिद्ध विचारवंत हू शी, चिनी लेखन साध्या बोलीत व्हावे यासाठी झटणारे. दुसरी बूवेईबाईंची डॉक्टर मैत्रीण. निमंत्रण साध्या जेवणाचे होते. हू शी यांना मात्र काहीसा वास आला असावा. त्यांनी ‘लाल महालाचे स्वप्न’ या प्रख्यात कादंबरीची स्वतः टिपणे केलेली प्रत बरोबर घेतली. परंतु आपला तर्क चुकला तर फजिती नको, म्हणून ती साध्या कागदात गुंडाळून नेली. बूवेईबाईंनी स्वतःच्या हाताने घरगुती पदार्थ रांधले होते : चार बशा आणि चार वाडगे. जेवण झाल्यावर चाओ यांनी एक हाताने लिहिलेला कागद पुढे केला. तो विवाहाचा दस्तऐवज होता. पाहुण्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, कायद्याप्रमाणे कागदावर मुद्रांक चिकटवला गेला, आणि लग्न लागले. नातलगांना व मित्रांना वार्ता पत्राने कळवण्यात आली. आहेर आणू नयेत. पत्र, कविता किंवा स्वतः रचलेले गीत पाठवले तर चालेल, अथवा चीनच्या विज्ञानसंस्थेला देणगी द्यावी, असे त्यात म्हटले होते. टोकियोत भुकेपोटी शिकलेली विद्या बूवेईबाईंना आपल्याच लग्नाच्या पंगतीला अशी उपयोगी पडली.

पुढे हे कुटुंब अमेरिकेत गेले. चाओ तेथील विद्यापीठांत शिकवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बूवेईबाईंनी परक्या शेजारणींसाठी चिनी स्वयंपाकाचे पुस्तक लिहायला घेतले. अमेरिकन गृहिणीच्या घरी ना चिनी कढई, ना चिनी बाजार. जवळच्या दुकानात जे मिळते त्यातून चिनी जेवण कसे करावे हे त्यांना सांगायचे होते. त्यांना इंग्रजी फारसे लिहिता येत नसे. म्हणून त्या चिनीत लिहीत, थोरली मुलगी रूलान त्याचे इंग्रजी करी, आणि ते इंग्रजी फार सरळसोट झाले असे म्हणून चाओ त्यात पुन्हा फेरफार करीत. या पायी आई, मुलगी व वडील यांच्यात बरेच खटके उडाले, हे बूवेईबाईंनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. पुस्तक १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आचेवर, थोड्या तेलात, सतत हलवीत परतण्याच्या चिनी पद्धतीला इंग्रजीत शब्द नव्हता. या पुस्तकाने ‘स्टर-फ्राय’ हा शब्द घडवला, आणि आज तो जगभर रूढ आहे. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका पर्ल बक यांनी आपल्या प्रस्तावनेत बूवेईबाईंचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचवावेसे वाटते, असे म्हटले. स्वयंपाकाच्या पुस्तकाचा असा गौरव क्वचितच झाला असेल.

या पुस्तकातील एक पाककृती चाओ यांची आहे. त्यांना एकच पदार्थ चांगला येत असे : परतलेली अंडी. अंडी फोडण्याची रीत त्यांनी एखादा सिद्धांत मांडावा तशी मांडली आहे. अंडे अंड्यावर आपटले तर दोहोंपैकी एकच फुटते. मग सहा अंडी फोडायची असतील तर सहाव्यासाठी सातवे अंडे हाताशी हवे. पण सहाव्याऐवजी सातवेच फुटले तर? तर सातवे वापरावे व सहावे ठेवून द्यावे. किंवा पाचव्यानंतर जे फुटेल त्यालाच सहावे म्हणावे. पदार्थ साधला की नाही हे ओळखण्याची खूणही त्यांनी भाषाशास्त्रज्ञाला शोभेल अशी दिली आहे : खाणाऱ्याच्या बंद ओठांतून उतरत्या सुरात लांब ‘म्’ असा हुंकार निघाला, तर समजावे, की जमले. नवशिक्याच्या हातीही येणारा पदार्थ म्हणून अंड्याचा मान चीनमध्ये आजही कायम आहे.

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०२२ साली शाळांसाठी श्रमशिक्षणाचा अभ्यासक्रम जाहीर केला. आठवड्याला निदान एक तास त्याला ठेवलेला आहे. तिसरी-चौथीतील मुलांनी काकडीची कोशिंबीर करणे, अंडी उकडणे, वाफवलेले पाव गरम करणे अशी कामे शिकावीत. पाचवी-सहावीतील मुलांनी दोन-तीन घरगुती पदार्थ करावेत, आणि त्यांत टोमॅटो घालून परतलेली अंडी व हाडांचे सूप यांची नावे उदाहरणादाखल दिली आहेत. सातवी ते नववीच्या मुलांनी तर घरातील माणसांची प्रकृती पाहून दिवसभराच्या जेवणाचा बेत आखावा, आणि दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणातील तीन-चार पदार्थ कोणाच्या मदतीशिवाय करावेत, अशी अपेक्षा आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही.

असा सहावीतला एखादा मुलगा नानजिंगच्या आपल्या घरी रात्रीचे जेवण करायला उभा राहिला, तर काय घडते ते पाहावे. आईवडील कामावरून साडेसहाला येणार आहेत. रोज स्वयंपाक करणाऱ्या आजीने आज हात लावायचा नाही असे ठरले आहे. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली आहे. बेत साधा आहे : भात, टोमॅटो-अंडी, लसूण घालून परतलेली पालेभाजी, चेचलेली काकडी आणि कोहळ्याचे सूप.

कोहळा आपल्याकडे पेठ्यासाठी किंवा सांडग्यांसाठी आणतात; चीनमध्ये त्याचे सूप करतात. डुकराच्या बरगडीच्या हाडांबरोबर तो मंद आचेवर शिजवतात. याला सर्वांत अधिक वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी चुलीवर चढायला हवे. मुलाच्या वहीत मात्र पहिले नाव टोमॅटो-अंड्यांचे आहे, कारण तेच त्याने शाळेत शिकले आहे. पाच वाजताच त्याने अंडी करून बशीत काढून ठेवली असती, तर साडेसहाला ती थंडगार व पाणचट झाली असती. आजी दारातूनच विचारते, ‘जेवायला किती वाजता बसायचे?’ मुलगा घड्याळाकडे पाहतो आणि वहीतली यादी उलट्या क्रमाने लिहू लागतो.

आधी हाडे. ती थंड पाण्यात घालून एक उकळी आणायची, वर आलेला फेस त्या पाण्यासह फेकायचा, हाडे धुऊन ताज्या पाण्यात आल्याच्या चकत्यांबरोबर पुन्हा ठेवायची. हे न केल्यास सूप गढूळ होते व त्याला उग्र वास येतो. तासाभराने कोहळ्याच्या फोडी घालायच्या; मीठ अगदी शेवटी. दरम्यान तांदूळ धुवायचे. पाणी मोजायची तेथील जुनी रीत अशी, की बोटाचे टोक तांदळाच्या पृष्ठभागावर टेकवायचे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत यावे इतके घालायचे. आता बहुतेक घरांत भात विजेच्या भांड्यात होतो, तरी आजी बोटानेच मोजते. मुलाचे बोट लहान, म्हणून तो एक चिमूट पाणी अधिक घालतो. पाण्याची चिमूट कशी असते हे त्यालाच ठाऊक!

काकडी सुऱ्याच्या सपाट बाजूने चेचायची असते. चिरलेल्या गुळगुळीत फोडीवर मसाला ठरत नाही. चेचल्याने कडा खडबडीत होतात आणि त्यांत व्हिनेगर, लसूण व तिळाचे तेल मुरते. हे काम मुलाला मनापासून आवडते. एक तुकडा उडून आजीच्या पायाशी जातो. आजी तो उचलते, काही बोलत नाही.

मग चिरणे. लसूण, पातीचा कांदा, टोमॅटो, पालेभाजी, सगळे वेगवेगळ्या वाडग्यांत. पालेभाजी धुऊन नीट निथळायला हवी. अंडी फोडून त्यांत मिठाची चिमूट घालून फेटायची. सव्वासहापर्यंत कढईखाली आग नाही. मुलाला वाटते, की आपण अजून काहीच केले नाही. खरे पाहता जवळजवळ सगळे झाले आहे.

कढई तापते, तेल तापते, अंडी पडताच फुगून कडेने सोनेरी होतात. ती अर्धवट ओली असतानाच बाहेर काढायची असतात, कारण ती पुन्हा कढईत जाणार आहेत. मुलगा क्षणभर थबकतो आणि एक बाजू तपकिरी होते. त्याच कढईत टोमॅटो. त्यांचा रस सुटेपर्यंत परतायचे, मीठ, आंबटपणा मोडण्यापुरती साखर, मग अंडी परत. साखर घालावी की घालू नये यावर चीनमध्ये घराघरांत वाद आहेत. आपल्याकडे आमटीत गूळ घालावा की नाही, तसेच. मुलगा सोया सॉसच्या बाटलीकडे हात नेतो. सोयाबीन आंबवून केलेला हा काळा रस मुळातच खारट असतो, आणि नवशिका मीठ घालून वर तोही ओततो. मुलगा आधी चमच्याने चाखतो. बाटली जागेवर राहते.

पालेभाजी अगदी शेवटी, कारण ती कढईतून निघाल्यावर तिचा हिरवेपणा फार टिकत नाही. येथे मात्र फसगत होते. भाजीचा सगळा ढीग मुलगा एकदम कढईत लोटतो. कढईची उष्णता उतरते, पानांना पाणी सुटते, आणि परतायची भाजी उकडू लागते. दोन वेळा घातली असती तर कुरकुरीत राहिली असती. आता करण्यासारखे एकच उरते. मुलगा आच मोठी करतो, उलथन्याने झपाझप वरखाली करतो, सुटलेले पाणी थोडे आटते. भाजी थोडी मऊ झाली, पण हिरवी राहिली. लसूण आधी टाकल्यामुळे तोही जरासा करपला आहे.

दारावर किल्ली वाजते. पाचही वाडगे मेजावर जातात, चार जणांच्या काड्या मांडल्या जातात. काड्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, कारण मृतांपुढे राखेत खोचलेल्या उदबत्त्या तशाच दिसतात. घरातील वडीलधारे माणूस सुरुवात करीपर्यंत लहानांनी थांबायचे असते, म्हणून सगळे आजीकडे पाहतात. आजी प्रथम सुपाचा घोट घेते. मग तिची काडी भाजीकडे जाते. मुलगा मान खाली घालतो. आजी चावते, भाताचा घास घेते, पुन्हा भाजी घेते, आणि तिसऱ्या वेळी अंड्याचा तपकिरी न झालेला मोठा तुकडा उचलून मुलाच्या वाडग्यात ठेवते. चिनी घरात प्रेमाने असाच घास दिला जातो. वडील पालेभाजीबद्दल काही म्हणणार असतात. आई त्यांच्या वाडग्यात काकडी घालते, आणि ते काकडी खाऊ लागतात.

जेवणानंतर कढई धुण्याचे काम राहते, आणि ते रांधणाऱ्याचेच. लोखंडी कढई काथ्याने घासून खरवडायची नसते आणि धुऊन ओलीही ठेवायची नसते. तिच्यावर वापराने बसलेला काळा, गुळगुळीत थर जातो आणि ती गंजते. कोमट पाण्याने व ब्रशाने धुवायची, पुन्हा आचेवर ठेवून शेवटचा थेंब वाळवायचा, आणि आतून तेलाचे बोट फिरवायचे. हे कसे करायचे ते आजी आता स्टुलावरून उठून, शेजारी उभी राहून दाखवते.